एकशे सतरा नंबरची पाटी

बागेतल्या सगळ्या झाडांच्या पाट्या आकारामच्या हातच्या होत्या. माणूस चौथी पास, पण ब्रश हातात आला की अक्षर असं काढायचा की कॉलेजातल्या मास्तरांनी फळ्याकडं पाठ करावी. मराठी नाव तो लिहायचा. खालचं लॅटिन नाव मात्र रांगोळी काढावी तसं काढायचा, कारण ते त्याला वाचता येत नव्हतं. कागदावर बघायचं आणि जसंच्या तसं पत्र्यावर उतरवायचं. पांढरा पत्रा, काळा ऑइलपेंट, चार कोपऱ्यांना चार भोकं. पाटी खोडाला तारेनं सैल बांधायची, खिळा कधी मारायचा नाही. झाड वाढतं, खिळा वाढत नाही, हे त्याच्या बापानं, केरबानं, त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चौतीस वर्षांत त्यानं लिहिलेली एकही पाटी खोटी ठरली नव्हती. एक सोडून. तिचीच ही गोष्ट.

बाग कोल्हापुरातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या ताब्यात होती. राजारामपुरीत कुठल्याही रिक्षावाल्याला 'जुनी बाग' म्हटलं की तो पुढचं काही न विचारता मीटर टाकायचा. संस्थानाच्या काळात कुणा हौशी सुपरिंटेंडंटानं ती वसवली. सिलोन, ब्रह्मदेश, जावा, कलकत्ता, जिथून बी मिळेल तिथून मागवलं आणि इथल्या काळ्या मातीत घातलं. सात माणसांच्या कवेत न मावणारी गोरखचिंच, खोडालाच फुलं आणि तोफगोळे लगडणारा कैलासपती, पंख्याएवढ्या पानांचे ताड. पुण्यामुंबईचे विद्यार्थी गाड्या करून बघायला यायचे. आमच्या कोल्हापूरकरांना मात्र बाग म्हटलं की आधी भेळ आठवते. सकाळी फिरायला येणारे त्याच त्या झाडांखालून तीस वर्षं चालले, पण त्यातल्या एकानं मान वर करून पाटी वाचली असेल तर शपथ. काचघराच्या निम्म्या काचा फुटून तिथं पत्रा आला होता. पाच माळी होते, त्यांचे दोन झाले. बाग मरत नव्हती, पण कुणी तिच्या उशाशीही बसत नव्हतं.

या बागेत पूर्वेच्या कुंपणाला लागून एक झाड होतं, नंबर एकशे सतरा. त्याच्या पाटीवर फक्त नंबर होता, नाव नव्हतं. पान आपट्यासारखं जोडलेलं, पण तळहाताएवढं मोठं आणि चामड्यासारखं जाड. दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून वाटतात, आणि खरा आपटा कुठला हे निम्म्या गावाला कळत नाही. जोडपान दिसलं की झालं सोनं! त्यात हे पान असं भरदार, की वाळलं तरी देव्हाऱ्यात दिवाळीपर्यंत पिवळंधमक राहायचं.

केरबानं ते ओळखलं आणि एक रिवाज सुरू केला. दसऱ्याच्या दुपारी अंघोळ करून, पटका बांधून तो झाडाखाली घोंगडं टाकून बसायचा आणि येईल त्याला एकेक डहाळी दोन्ही हातांनी द्यायचा. म्हणायचा, "बागंचं सोनं हाय, पावणं. जपून न्या." आसपासच्या गल्ल्यांतून रांग लागायची. संस्थेच्या सचिवांना वेगळी मानाची फांदी असायची. केरबा गेला आणि घोंगड्यावर आकाराम बसायला लागला. वर्षभर ज्याला कुणी 'ए माळी' म्हणून हाक मारायचं, त्याला त्या दिवशी वकील, डॉक्टर आणि मोठ्या घरच्या बायका वाकून नमस्कार करायच्या. आकारामला तो दिवस फार प्यारा होता, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

त्या वर्षी संस्थेनं बागेच्या पूर्व कडेला सभागृह बांधायचं ठरवलं. त्याचा रस्ता काढायला काही झाडं जाणार होती. सचिव अमरसिंह हे शब्दाचे पक्के गृहस्थ. त्यांच्या आजोबांनी बागेत स्वतः झाडं लावलेली. त्यांनी सभेत सांगून टाकलं, "ज्या झाडाला नाव आहे आणि नोंद आहे, त्याच्या पानालाही धक्का लागणार नाही. वारसा आहे तो. बाकीच्या झाडांचं दिवाळीनंतर बघू." मग झाडांची यादी करायला मुरगूडची राजनंदिनी नावाची मुलगी नेमली. वनस्पतिशास्त्रात शिकलेली, अंगानं काटकुळी, पण झाडावर चढायला कुणाच्या बापाला न ऐकणारी. आकारामला ती मामा म्हणायची आणि तो तिला बाई म्हणायचा.

श्रावणात एका दुपारी ती जुनी आवक वही घेऊन एकशे सतराखाली येऊन बसली. वहीतली मोडी तिनं कुणाकडून तरी वाचून घेतली होती.

"मामा, ऐका," ती म्हणाली. "'रंगूनहून आलेले बी. आपट्याच्या कुळातील. फूल आल्यावर नाव लिहावे.' आणि पुढं जागा मोकळी सोडलीय. नव्वद वर्षं मोकळी आहे. याला फूल कधी येतं?"

"न्हाय येत," आकाराम म्हणाला. "वांझ हाय ते. आमच्या बापानंबी कधी बगितलं न्हाय."

"मला फूल लागेल. नुसत्या पानावरनं याची जात कुणी सांगू शकणार नाही. नाव नाही तर यादीत नाही, आणि यादीत नाही तर..." तिनं पुढं रस्त्यासाठी आखलेल्या जागेकडं बोट केलं.

मग ती शिडी लावून वर गेली आणि बराच वेळ फांद्यांची टोकं बघत राहिली. खाली उतरली तेव्हा तिच्या हातात एक वाकडी, गाठाळलेली काडी होती.

"ही बघा. इथं मोडलीय, मग बाजूनं नवा फुटवा आलाय, तो परत मोडलाय, परत फुटवा. एका काडीवर मी अकरा गाठी मोजल्या. जेवढी टोकं बघितली, सगळी अशीच. कोण मोडतं हे दरवर्षी?"

आकारामच्या हातातली खुरपी तशीच राहिली. तो म्हणाला, "दसऱ्याचं सोनं, बाई. आमीच देतो की."

तिनं काडीच्या टोकावर बोट ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "याच्या जातीतली काही झाडं दिवाळीच्या आसपास फुलतात. कळी टोकालाच येते. तुम्ही टोकंच वाटत होता, मामा."

तिनं ते दोष देऊन म्हटलं नव्हतं. पण आकाराम त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही. झाड लहान होतं तोवर फुललं नाही, मोठं झालं तेव्हा बापाच्या हाती लागलं, नंतर आपल्या. साठ वर्षं बापलेकांनी त्याचं फूल कळीतच मोडून गावाला वाटलं, आणि वर त्यालाच वांझ म्हटलं. आपण ज्या दिवशी मान घेत होतो, त्याच दिवशी ते झाड बिननावाचं राहत होतं. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि मेलेल्या बापाचीही वाटली, म्हणून आणखीनच वाटली.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला कळ्या दिसल्या. टोकाटोकाला मुगाएवढे हिरवे दाणे. राजनंदिनीनं शिडीवरून ओरडून सांगितलं आणि आकारामनं खालून हात जोडले. सातव्या माळेला ती सणासाठी मुरगूडला निघाली.

"मामा, एवढा एकच दसरा," ती फाटकात थांबून म्हणाली. "दसऱ्यानंतर तीन दिवसांत मी परत येते. तोवर कुणी हात लावायला नको. लोकांना खरं सांगा, ऐकतील."

"तुमी निर्धास्त जावा."

आकारामनं खरं सांगून बघितलं. आठव्या माळेला फिरायला आलेल्या दहाबारा जणांना थांबवून सांगितलं, की यंदा सोनं मिळणार नाही, झाडाला फूल यायचं आहे, फुलाशिवाय त्याला नाव मिळत नाही, आणि नाव नसलं तर ते जाणार. लोक हसले. एकजण म्हणाला, "मामा, एका डहाळीनं काय हुतंय? तेवढी आमच्या म्हातारीसाठी द्या, मग ठेवा तुमचं फूल." दुसऱ्यानं तर बोलता बोलताच एक टोक मोडून खिशात घातलं. त्यावर पाच कळ्या होत्या. आकारामनं मोजल्या.

तेव्हा त्याला सुचलं. रात्रंदिवस राखण बसायला माणूस नाही, आणि खऱ्याला कुणी किंमत देत नाही. पण पाटी? बागेच्या पाटीवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

त्यानं कोठीतून चांगला कोरा पत्रा काढला, पांढरा रंग दिला, वाळवला आणि जीव ओतून अक्षरं काढली: 'झाड क्र. ११७. या झाडास रोग झाला आहे. विषारी औषध मारले आहे. कोणीही हात लावू नये.' खाली संस्थेचं नाव. मग तारेनं, सैल, खोडाला बांधली. दुसऱ्या माळ्यालाही त्यानं खरं सांगितलं नाही. लांब उभा राहून बघितलं तर इतकी झकास दिसत होती, की त्याला हसू आलं. एकशे सतरावर आज पहिल्यांदाच नंबराखाली काहीतरी लिहिलं गेलं होतं.

खंडेनवमीला हत्यारं पुजताना त्यानं कात्री, कुऱ्हाड, खुरपी मांडली आणि रंगाचा ब्रशही मांडला.

दसऱ्याच्या दुपारी रांग लागली आणि पाटीपाशी येऊन मोडली. लोकांनी वाचलं, हात मागं घेतले. एका बाईनं लहान लेकराला ओढून लांब केलं. नऊवारीतली एक म्हातारी झाडाला लांबूनच हात जोडून म्हणाली, "लवकर बरं हो बाबा." आकाराम घोंगडं न टाकता बाजूला उभा होता. त्याला नमस्कार करायला यंदा कुणी वाकलं नाही, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. मनातल्या मनात तो उड्या मारत होता. साठ वर्षांत पहिल्यांदा दसऱ्याचा सूर्य कलला आणि एकशे सतराच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता.

दिवस मावळता मावळता अमरसिंहांची गाडी आली. कडक इस्त्री, कोल्हापुरी फेटा, मानाची फांदी घ्यायला दरवर्षीप्रमाणं स्वतः आलेले. पाटी वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"आकाराम, हे काय? कधी झालं?"

आता खरं सांगायची वेळ होती, आणि हे आकारामला त्या क्षणीही कळत होतं. पण तोंडाशी आलेलं त्यानं गिळलं. साहेबांना सांगावं, तर ते म्हणायचे, बरं मग माझ्यापुरती एक दे. त्यांना नाही म्हणायची सवय चौतीस वर्षांत त्याला लागली नव्हती. आणि मानाची फांदी म्हणजे काय डहाळी नसायची, चांगली हातभर लांब असायची. शिवाय दहाबारा माणसं कान देऊन उभी होती. त्यांच्यासमोर पाटी खोटी म्हटली असती, तर झाडाची तिथंच लूट झाली असती.

"ह्या पंधरवड्यात, सायेब."

"नीट होईल का?"

"काय सांगावं," आकाराम म्हणाला. मग साहेबांचा हात फांदीकडं जातोय असं त्याला वाटलं, म्हणून घाईनं म्हणाला, "हात नगा लावू! मुळापास्नं लागलंय ते. कापडासंगट दुसऱ्या झाडास्नी जाईल."

अमरसिंहांचा हात थांबला. त्यांनी मागं वळून गोरखचिंचेकडं बघितलं, ताडांच्या रांगेकडं बघितलं, आजोबांनी लावलेल्या कैलासपतीकडं बघितलं. "दुसऱ्या झाडांना जाईल म्हणतोस?"

"जाईल की."

"अरेरे," अमरसिंह म्हणाले. त्यांनी मोबाईल काढून पाटीचा फोटो घेतला. मग खिशातून बाजारातली आपट्याची दोन पानं काढून आकारामच्या हातात दिली. "सोनं घे. बागेतलं पहिलंच वर्ष असेल, मी तुला देतोय." आणि गाडीत बसून गेले. लांबून दसरा चौकातली सीमोल्लंघनाची तोफ ऐकू आली. आकारामनं पानं डोळ्यांना लावली.

घरी बायको, बनाबाई, ताट घेऊन दारातच होती. त्यानं ताटात ठेवलेल्या पानांकडं तिनं एकदा बघितलं. "ही कुठली? आपल्या झाडाची न्हायीत."

त्यानं पाट टाकून बसता बसता सगळं सांगितलं, पाटीसकट आणि साहेबांसकट. सांगताना त्याला आपल्या हुशारीचं हसू आवरत नव्हतं. बनाबाई हसली नाही.

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. सायबास्नी तरी खरं सांगायचं व्हतं."

"सांगतो की. बाई आल्या, फूल उमललं, की फूलच घिऊन जातो त्यांच्या दारात."

"आज फोन करा."

"सणाचं कशाला त्यांना तरास? दोन दिसांनी काय जग बुडतंय?"

दुसऱ्या दिवशी तो मलकापूरला गेला. तिथं त्याची थोरली बहीण आक्का राहायची. दसऱ्याचं सोनं घेऊन भावानं बहिणीकडं जायचं हा दोघांचा नेम होता. आक्कानं दोन रात्री मुक्काम करायला लावला. इतकं निवांत तो कित्येक वर्षांत झोपला नव्हता. परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसून त्यानं मनाशी पाटी लिहायला घेतली. वर मराठी नाव, खाली लॅटिन. बाई काय नाव सांगतील कुणास ठाऊक, पण अक्षर मोठं काढायचं, साधारण दोन बोटं उंच. नव्वद वर्षांची कसर एकाच पाटीत भरून काढायची होती.

स्टँडवर उतरून पिशवी खांद्याला लावून तो थेट बागेत गेला. पूर्वेच्या कुंपणाकडं वळला आणि त्याला आधी आभाळ दिसलं. तिथं एवढं आभाळ कधी नव्हतं.

झाड नव्हतं. खोडही नव्हतं. जेसीबीनं मुळं उकरून काढली होती आणि पुरुषभर खोल खड्डा पडला होता. खड्ड्यात चुना पसरला होता. भोवतीची माती खरवडून नेलेली. दुसरा माळी, अण्णाप्पा, फावडं घेऊन कडेला उभा होता.

"काल सकाळी आलं जेसीबी," अण्णाप्पा म्हणाला. "सायेब सोता उभं हुतं. म्हणालं, मुळापास्नं काढा, चुना टाका, नायतर सगळी बाग जाईल. अर्जंट परवानगी काढली, तुझ्या पाटीचा फोटू दावून. फांद्या मागं टाकल्यात. आज जाळायच्यात."

आकारामनं पिशवी टाकली आणि तो मागच्या अंगाला पळाला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, गुडघे धरलेले, पण पळाला. काचघराच्या मागं फांद्यांचा ढीग पडला होता, घराएवढा उंच. पानं अजून हिरवी होती. शेजारी डिझेलचा कॅन ठेवला होता. त्यानं तो लाथेनं उडवला.

मग त्याला ते दिसलं. ढिगाच्या वरच्या अंगाला, उन्हाच्या बाजूला, कळ्या फुटल्या होत्या. झाडाला कुणी सांगितलं नव्हतं, की तू मेलंस. पांढऱ्या, लांबट, मलमलीसारख्या पाकळ्या, आणि मधल्या पाकळीवर खालून वर गेलेली तांबूस रेघ. पाचसहा पूर्ण उमललेली, बाकी अर्धवट. वास येत होता तो पिकल्या पेरूसारखा. नव्वद वर्षांत हे फूल इथं कुणी बघितलं नव्हतं. त्याच्या बापानं बघितलं नव्हतं. आकाराम ढिगापाशी बसला आणि लहान मूल रडतं तसा मोठ्यानं रडला.

अमरसिंहांना अण्णाप्पानं फोन केला असावा. ते तासाभरात आले. आकाराम उठला नाही. बसल्या बसल्याच त्यानं सगळं सांगितलं. रोग नव्हता, औषध नव्हतं, कळ्या राखायच्या होत्या. काही गाळलं नाही आणि काही सारवलं नाही. तो वाट बघत होता, की साहेब आता ओरडतील, कामावरून काढतील. त्याला ते हवंच होतं.

अमरसिंह ओरडले नाहीत. ते एका उलट्या कुंडीवर बसले आणि फुलाकडं बघू लागले.

"जेसीबीवाला म्हणत होता, झाड हिरवंगार दिसतंय साहेब, कुणाला तरी दाखवून घ्या," ते म्हणाले. "मी त्याला म्हटलं, दाखवायचं काय त्यात? आकारामची पाटी आहे. चौतीस वर्षांत त्याची एक पाटी चुकली नाही." ते उठले. "तुझी पाटी होती म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही रे."

एवढंच बोलून ते गेले. जाताना त्यांनी गोरखचिंचेच्या बुंध्याला हात लावला, असं अण्णाप्पानं नंतर सांगितलं. आकारामनं बघितलं नाही. त्याची मान वर होत नव्हती.

दुपारी राजनंदिनी मुरगूडच्या गाडीनं आली. तिनं खड्डा बघितला, मग कडेला पडलेली पाटी उचलून वाचली. अक्षर कुणाचं हे तिला विचारायची गरज नव्हती. ती ढिगापाशी आली, आकारामच्या शेजारी उकिडवी बसली आणि एकेक फुलाची डहाळी वेगळी करू लागली. थोड्या वेळानं तोही करू लागला. तिचे डोळे वाहत होते आणि हात चालत होते. बिनफुलाच्या वीसेक काड्या कापून तिनं काचघरात वाळूत लावल्या. "लागतील असं वाटत नाही," ती म्हणाली. "पण लावू." त्या लागल्या नाहीत. दिवाळीपर्यंत एकेक करून काळ्या पडल्या.

मग दोघं हर्बेरियमच्या खोलीत गेली. तिथं लाकडी कपाटांतून बागेतल्या प्रत्येक झाडाचा वाळवलेला नमुना जाड कागदावर लावून ठेवलेला होता. एकशे सतराच्या कप्प्यात आजवर नुसती पानं होती. राजनंदिनीनं फुलं रद्दी पेपरात पसरली, पाकळ्या बोटानं उलगडल्या, वर पेपर, वर पुठ्ठा, मग लाकडी दाबात घालून पट्टे आवळले. एक डहाळी कलकत्त्याला धाडायची होती. नाव तिथून यायला महिने लागणार होते. यादीत ते आता कशासाठी घालायचं, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

तिनं चिठ्ठी समोर ओढली. प्रत्येक नमुन्याबरोबर अशी चिठ्ठी लावायची असते. कुठं मिळालं, कधी, झाड केवढं, फुलाचा रंग कुठला. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो ताजा असतानाच लिहून ठेवायचा असतो. ती एकेक विचारत गेली आणि आकाराम सांगत गेला. उंची तीस फूट, साल करडी. फूल पांढरं, मधल्या पाकळीवर तांबडी रेघ.

"नमुना कुणी गोळा केला, तिथं तुमचं नाव घालते," ती म्हणाली.

"नगा घालू."

"घालावं लागतं, मामा."

त्यानं मान खाली घातली. तिनं लिहिलं. मग पेन शेवटच्या रकान्यापाशी थांबलं. तिथं झाडाची अवस्था लिहायची होती, आणि ते ती विचारेना.

आकारामला एवढं वाचता येत होतं. त्यानं रकान्यावर बोट ठेवलं.

"हितं लिवा, बाई," तो म्हणाला. "नीट व्हतं ते. त्येला काय बी झालं नव्हतं. ठळक लिवा."